पंगतीत कोण नाही?

(शास्त्रपाठ : लूक २ : ४१–५२)



येशू बारा वर्षांचा असता त्याचे आईबाप त्याला घेऊन वल्हांडण सणास यरुशलेमेस गेले, ही कथा आपणांस ठाऊक आहे. सण आटोपला, नासरेथाकडे जाणाऱ्यांचा जथा निघाला, आणि एक दिवसाची मजल मारल्यावर मुलगा बरोबर नाही असे त्यांच्या ध्यानात आले. मरीया व योसेफ निष्काळजी होती काय? मुळीच नाही. दरवर्षी न चुकता सणास जाणारी ती भाविक माणसे. मग मुलगा मागे राहिलाच कसा? सोबतीस नातलग होते, ओळखीची माणसे होती. एवढ्या घोळक्यात तो कोणापाशी तरी असेलच, असे त्यांनी धरून चालले. "असेल" ह्या एका शब्दापायी दिवसभराची वाट फुकट गेली, आणि मुलगा सापडावयास तिसरा दिवस उजाडला.

हा पाठ मी पुष्कळ वेळा शिकविला आहे. परंतु तो मला स्वतःला कळला भंडारदऱ्यास. कसा कळला हे सांगण्यास संकोच वाटतो, तरी ते सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

सन २०२५ मध्ये १५ ऑगस्ट शुक्रवारी आला, आणि शनिवार-रविवार जोडून तीन दिवसांची सुटी मिळाली. आमचे कुटुंब पोटापाण्यासाठी मुंबई, पुणे, संगमनेर असे पांगलेले. सर्वांनी एकदा एकत्र यावे असे ठरले. शेंडीजवळच्या एका वाडीत माझा वसतिगृहातील जुना मित्र राहतो. तो महादेव कोळी समाजाचा, ख्रिस्ती नाही. परंतु लहानपणी आम्ही एका ताटात जेवलो आहो. त्याने आपले घर आमच्यासाठी मोकळे केले. आत्या, चुलते, मावसभाऊ, भाचरे आणि शाळेतील दोघे सोबती मिळून आम्ही बावीस जण जमलो. रविवारची उपासना आमच्या मंडळीतील एका वडील बंधूंकडे सोपवून मीही गेलो.

त्या दिवसांत तो मुलूख पाहावा! खाचरांतून भाताची लावणी उरकलेली, कळसूबाईचे शिखर ढगात बुडालेले, आणि प्रवरामाई रंधा येथे कड्यावरून गर्जत कोसळत असलेली. दिवसभर पावसात भिजावे, चुलीपाशी अंग शेकावे, नागलीची भाकरी खावी, आणि वसतिगृहातील खोड्या आठवून पोट दुखेपर्यंत हसावे, असा आमचा क्रम चालला.

शुक्रवारी रात्री अंथरुणे पडली, दिवा मालविण्याची वेळ झाली, तेव्हा माझा मित्र भीत भीत म्हणाला, "पाळकबुवा, तुमची प्रार्थना व्हायची आहे ना? आम्ही बाहेर बसू का?" बंधूंनो, मी खाली मान घातली. घरात दोन पाळक, एक बायबलबाई, आणि रविवारच्या शाळेत शिकविणारे तिघे. आणि दिवसभरात एकानेही देवाचे आभार मानले नव्हते! दुसरा कोणी प्रार्थना करीलच असे प्रत्येकाला वाटले होते. आम्हीही एक दिवसाची मजल प्रभूवाचून चाललो होतो, आणि त्याची आठवण आम्हांस करून दिली ती प्रभूचे नाव न घेणाऱ्याने.

त्या रात्री प्रार्थना झाली. माझा मित्र व त्याची माणसे बाहेर गेली नाहीत, आम्हांपाशीच बसली. परंतु धडा एवढ्यावर संपावयाचा नव्हता.

शनिवारी संध्याकाळी आत्याने पाने मांडली. भाच्याने मोजून म्हटले, "आजी, एक पान जास्त झाले." आत्या म्हणाली, "जास्त कसे? थोरला यायचा आहे ना?" सर्वांचे बोलणे एकदम थांबले. थोरला म्हणजे माझा चुलतभाऊ. तो राजूरच्या बाजूस, तेथून घटकाभराच्या वाटेवर राहतो. वडिलोपार्जित घराच्या एका भिंतीवरून चार वर्षांपूर्वी त्याचा व माझा तंटा झाला, तेव्हापासून बोलणे नाही. मी धाकट्या भावाकडे पाहून म्हटले, "तू कळविले असशील असे मला वाटले." तो म्हणाला, "तू पाळक. तू बोलाविले असशील असे मला वाटले." आत्या काही बोलली नाही. तिने ते पान तसेच राहू दिले.

त्या रात्री मला झोप आली नाही. "वाटले" हा शब्द खोटा होता. त्याला कोणी बोलाविले नाही हे मला मनातून माहीत होते. आणि सुटी गोड जावी म्हणून मी ते स्वतःशीसुद्धा बोललो नव्हतो. उद्या सकाळी मलाच उपासना चालवावयाची होती. मत्तयाच्या ५ व्या अध्यायात प्रभूने सांगितले आहे की, वेदीपाशी दान आणल्यावर भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे स्मरले, तर दान तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. हे वचन मी दुसऱ्यांस किती वेळा ऐकविले आहे!

रविवारी उजाडताच मी व धाकटा भाऊ पावसातच निघालो. थोरला ओसरीवर बसला होता. मी म्हटले, "दादा, जेवायला चल. आमची चूक झाली." तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आज तिसरा दिवस. पहिल्या दिवशी आठवण झाली नाही का रे?" ह्याचे उत्तर मजपाशी नव्हते. वहिनींनी चहा आणून ठेवला. शेवटी तो उठला व म्हणाला, "मी तुझ्यासाठी येत नाही. आत्यासाठी येतो."

तो आला. आत्याने मांडून ठेवलेल्या पानावर बसून जेवला. भिंतीचा वाद मिटला असे मी सांगणार नाही. तो आजही मिटलेला नाही. परंतु त्या दिवशी आम्ही उपासना केली ती तेवीस जणांनी केली, आणि प्रभू आमच्यामध्ये आहे हे मला त्या सुटीत प्रथमच खात्रीने वाटले.

ह्यावरून तीन गोष्टी आपण मनात धरू या.

पहिली, नातलग व जुने सोबती ही देवाची देणगी आहे. आपला तारणारा जथ्यात वाढला, रानात एकटा वाढला नाही. ख्रिस्ती झाल्याने रक्ताची नाती तुटावी अशी त्याची इच्छा नाही. रेव्ह. नारायण वामन टिळक ह्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंस काही वर्षे पतीपासून दूर राहावे लागले. तो ताप त्यांनी पुढे "स्मृतिचित्रे" ह्या ग्रंथात लिहून ठेवला आहे. आपल्या वडीलधाऱ्यांनीही असे वियोग सोसले आहेत. म्हणून जे नातलग आपल्या मंडळीत नाहीत त्यांना सणासुदीस बोलवा, त्यांच्या घरी जा. आणि त्यांना उपदेशाचे केवळ श्रोते समजू नका.

दुसरी, घोळका जितका मोठा, तितके हरवलेले माणूस उशिरा ध्यानात येते. म्हणून उपदेशक बंधूंनो, कुटुंबे जमण्याआधी घरच्या कर्त्यास विचारा : कोण येत नाही, आणि का? रुसलेल्यास निरोप धाडू नका, स्वतः चालत जा. कोणी वर्गणी परवडत नाही म्हणून तर मागे राहिला नाही ना, तेही पाहा. आणि सर्व हसत असता चुलीपुढे एकटी बसलेली सूनही त्या जथ्यातलीच आहे, हे विसरू नका.

तिसरी, सुटीत साठलेली प्रीती वर्षभर वाहिली पाहिजे. भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९१० मध्ये हाती घेतले व १९२६ मध्ये पुरे झाले. त्यात सुमारे ११ हजार दशलक्ष घनफूट पाणी मावते. पावसाळ्यात ते पाहावयास हजारो लोक येतात; परंतु धरण बांधले ते पाहण्यासाठी नव्हे. तेच पाणी प्रवरेतून ओझरच्या बंधाऱ्यास येते, आणि तेथून कालव्यांनी राहुरी-श्रीरामपूरच्या शेतांस पोहोचते. ज्याने ते सरोवर कधी पाहिले नाही त्याचेही पीक त्यावर उभे राहते. आपल्या भेटीचेही असेच व्हावे. तीन दिवस गळ्यात गळा घालून मग वर्षभर कोणाच्या दुखण्याखुपण्यास विचारले नाही, तर ते पाणी भिंतीआडच राहिले म्हणावयाचे.

कथेचा शेवट पाहा. येशू मंदिरात सापडला, आणि मग तो आईबापांबरोबर नासरेथास गेला व त्यांच्या आज्ञेत राहिला. ज्याला आपण शोधून काढतो तो प्रभू आपणांस घरापासून तोडीत नाही. तो आपल्याबरोबर घरी येतो. परंतु शोधण्यासाठी मागे फिरावे लागते, आणि ती वाट बहुधा एखाद्या भावाच्या ओसरीवरून जाते.

पुढच्या वेळी पाने मांडाल तेव्हा, बंधुभगिनींनो, एक वेळ मोजून पाहा. आपल्या पंगतीत कोण नाही?

प्रभू आपणांस मागे फिरण्याची नम्रता देवो. आमेन.