केवली आणि प्यादे

पांढरा राजा ई४, प्यादे ई२, काळा राजा ई६, चाल पांढऱ्याची. माझ्याकडे बुद्धिबळ शिकायला येणारी पोरं इथे प्यादे ई३ला ढकलतात आणि डाव मारतात, कारण चालीची पाळी काळ्यावर येते आणि त्याच्या राजाला वाट सोडावीच लागते. तेच प्यादे आधीच ई३वर असेल तर डाव बरोबरीत. मागे राहिलेलं प्यादंच इथे बरं! प्यादे जितके पुढे तितके गुण जास्त, अशा हिशेबाने चालणारा प्रोग्रॅम नेमका इथे फसतो.

त्यावर तोडगा निघाला तो हिशेबच सोडून देण्याचा. दोन राजे आणि एक प्यादे. पटाची डावी-उजवी बाजू सारखीच, म्हणून प्याद्याच्या जागा 24, राजांच्या 64-64, चाल कुणाची याचे पर्याय 2. एकूण 1,96,608 नोंदी. निकाल उघड आहे तिथून उलटं मागे यायचं आणि प्रत्येक नोंदीवर पांढरा जिंकतो की नाही एवढीच खूण करायची. स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या प्रोग्रॅममध्ये हा तक्ता कित्येक वर्षं होता. सगळा मिळून 24 किलोबाइट.

"सर, हे केवलज्ञानच की!" एक पोरगा म्हणाला. तोही माझ्यासारखाच शुक्रवार पेठेतल्या लक्ष्मीसेन जैन मठात जाणाऱ्या घरातला. केवलज्ञान झालेल्या केवलीला सर्व द्रव्यांचे भूत-भविष्यातले सगळे पर्याय, म्हणजे अवस्था, दिसतात, असं आपण जैन मानतो. मग पुरुषार्थाला उरलं काय? आमच्या राजाराम कॉलेजातल्या आ. ने. उपाध्ये यांनी 1935 साली कुंदकुंदांचा 'प्रवचनसार' संपादित केला. त्यात केवलज्ञानाचा विचार पहिल्याच अधिकारात येतो.

पण तक्ता केवली नव्हे. दोघेही अचूक खेळले तर काय होईल, एवढंच तो जाणतो. पांढरा राजा ई५, प्यादे ई६, काळा राजा ई७, चाल काळ्याची: सरळ मागे ई८ला गेलं की बरोबरी. घड्याळाच्या धाकाने पोरं डी८ला जातात आणि हरतात. तक्त्यात या जागेपुढे बरोबरीच आहे. पोराची घाई त्याच्या गावीही नाही. केवलीला ती घाईसुद्धा दिसते, म्हणून पेच खरा तिथे आहे. मला वाटतं, पोरगं डी८ला जाणार म्हणून केवलीला तसं दिसतं; त्याला दिसलं म्हणून पोरगं जात नाही.

"मग ई८ शिकून उपयोग काय, सर?"

"तू शिकलास की नाही, तेही त्याला दिसतंय. मांड परत."