महादेवाची भांग आणि रानातला गांजा

गांजाचे झाड निसर्गाने घडवलेले आहे, महादेवाला भांग वाहतात, साधू चिलीम ओढतात. मग तेच झाड रानात लावले तर त्यात अधर्म कोणता, हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. प्रत्यक्षात त्यात तीन वेगळे प्रश्न मिसळलेले आहेत. वनस्पती पवित्र आहे का, तिच्या सेवनाने साधना घडते का, आणि तिची लागवड करणारा निर्दोष राहतो का? भारतीय परंपरांनी या तिन्हींची उत्तरे निरनिराळी दिली आहेत. त्या परंपरा शोधायला फार लांब जावे लागत नाही. छत्रपती संभाजीनगर या एकाच जिल्ह्यात एकीकडे वेरूळचा घृष्णेश्वर आणि बौद्ध लेणी आहेत, दुसरीकडे संत एकनाथांचे पैठण आहे.

जुन्या वाङ्मयात ही वनस्पती लपूनछपून येत नाही. अथर्ववेदात सोमाला श्रेष्ठ मानून ज्या वनस्पती सांगितल्या आहेत, त्यांत दर्भ आणि जव यांच्याबरोबर ‘भङ्ग’ आहे. पाणिनीच्या एका सूत्रात तीळ, उडीद, जवस यांच्या शेतांबरोबर भांगेच्या शेताचीही व्युत्पत्ती आहे. म्हणजे त्या काळी हे उघड्यावरचे, ओळखीचे पीक होते. खोडाचा वाख निघत असल्याने ते केवळ नशेसाठी पेरले जात होते असे म्हणता येत नाही. आयुर्वेदात शार्ङ्गधराने भांगेची गणना अफूसह ‘व्यवायी’ द्रव्यांत केली, म्हणजे पचण्याआधीच सर्व शरीरात पसरणाऱ्या द्रव्यांत. वैद्याने जपून, मात्रेत द्यायची वस्तू अशी तिची नोंद आहे.

शिवाशी तिचा संबंध लोकाचारात पक्का आहे. उज्जैनला महाकालाचा भांगेने शृंगार करतात आणि महाशिवरात्रीला उत्तरेत ठिकठिकाणी भांग घोटली जाते. महाराष्ट्रात मात्र शिवपूजेचा मुख्य मान बेलाला आहे. बेलाशेजारी ताटात रुईची फुले असतात, धोत्र्याचे फळ असते. धोतरा विषारी आहे. तो प्रसाद म्हणून कोणी तोंडात टाकत नाही. हलाहल पचवलेल्या देवापुढे माणसाला न पचणारे ठेवायचे, असा भाव या अर्पणामागे आहे. वाहिलेली प्रत्येक वस्तू सेवनासाठीच असते असे मानले, तर धोत्र्याचे काय करायचे याला उत्तर नाही. भांगेचे पान देवापुढे असण्यावरून ते भक्ताच्या पोटात जावे, असे ठरत नाही.

साधूंची गोष्ट वेगळी सांगितली जाते. २०१५ च्या नाशिक–त्र्यंबकेश्वर सिंहस्थातही त्र्यंबकला शैव आखाड्यांचे साधू जमले होते. धुनीशेजारी चिलीम भरली जाते, तिच्या बुडाशी ओली साफी गुंडाळली जाते, मग ती कपाळाला लावून शंभूचा पुकारा होतो आणि दम मारला जातो. हातोहात चिलीम पुढे सरकते. थंडी, भूक आणि देहभान यांवर मात करायला ती उपयोगी पडते, असे ओढणारे साधू सांगतात. पण हा आचार घरदार, जात, नाव सोडलेल्या माणसाचा आहे, आणि तोही सगळ्या साधूंचा नाही. संन्याशाच्या सवलती गृहस्थाला लागू होत नाहीत, हे धर्मशास्त्राचे जुने तत्त्व आहे. संसार तसाच ठेवून फक्त चिलीम उचलणाऱ्याला त्यातला त्याग घेता येत नाही.

वनस्पतीने चित्त बदलते, हे योगदर्शनाने नाकारलेले नाही. पतंजलींनी योगसूत्रांतील कैवल्यपादाच्या पहिल्याच सूत्रात सिद्धींची पाच उगमस्थाने सांगितली: जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी. औषधी त्यांत आहे, याचा आधार अनेकदा घेतला जातो. पुढचे मात्र सहसा सांगितले जात नाही. त्याच पादात, अशा चित्तांपैकी केवळ ध्यानातून घडलेले चित्त कर्मवासनेचा साठा मागे ठेवत नाही, असे म्हटले आहे. विभूतिपादात तर सिद्धीच समाधीच्या आड येतात असा इशारा आहे. औषधीने आलेला अनुभव खरा असू शकतो. मात्र तो ओसरल्यावर पुन्हा तोच हवासा वाटणे, हेच त्याचे बंधन आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायातील सुखाची तीन प्रकारांची विभागणीही इथे कामी येते. सात्त्विक सुख आधी विषासारखे आणि शेवटी अमृतासारखे. झोप, आळस आणि प्रमाद यांतून उपजणारे सुख तामस. १२९० मध्ये नेवाशाला सांगितलेल्या ज्ञानेश्वरीत या श्लोकावर लिहिताना ज्ञानदेवांनी पिऊ नये ते पिण्यातले आणि खाऊ नये ते खाण्यातले सुख तामसात घातले आहे. तिथे निकष पदार्थाच्या नावाचा नाही, त्याच्या परिणामाचा आहे. मनुस्मृतीत सुरेचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत भांग नाही, म्हणून भांग निर्दोष, ही पळवाट ज्ञानदेवांच्या निकषापुढे टिकत नाही.

सर्वांत नेमके उत्तर पैठणच्या परंपरेत सापडते. भागवताच्या एकादश स्कंधात एक मोठा विचार आहे: कामोपभोग, मांस आणि मद्य यांकडे जिवाची ओढ स्वभावतःच असते, त्यासाठी वेदाने आज्ञा करण्याची गरज नाही. विवाह आणि यज्ञ यांच्या चौकटीत शास्त्राने जी मुभा दिली, ती ओढ आवरून माणसाला हळूहळू निवृत्तीकडे नेण्यासाठी. याच स्कंधावर एकनाथांनी ओवीबद्ध टीका लिहिली. ती १५७३ मध्ये वाराणसीत पूर्ण झाली. या न्यायाने पाहिले तर सणाच्या दिवशीची भांग ही सुद्धा परवानगीच्या रूपातली मर्यादा ठरते. वर्षातून एकदा, ठरल्या दिवशी, देवाच्या साक्षीने, एवढ्यापुरती ती आहे. तिचा आधार घेऊन वर्षभराचा साठा करणे म्हणजे कुंपणालाच रस्ता समजणे होय. तुकोबांच्या गाथेतही भांग आणि तंबाखू यांना साधन मानणाऱ्या सोंगी संतांवर कडक टीका आहे. गळ्यात तुळशीची माळ घालताना वारकरी निर्व्यसनी राहण्याचे व्रत घेतो ते याच विचारातून.

बौद्ध विचार आणखी एक पाऊल पुढे जातो आणि पिणाऱ्याबरोबर पुरवणाऱ्यालाही जबाबदार धरतो. पंचशीलातील पाचवे शील मादक द्रव्यांपासून दूर राहण्याचे आहे आणि त्याचे कारण शीलातच दिले आहे: प्रमाद, म्हणजे सावधपणा सुटणे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार बुद्धांनी सांगितले: शस्त्रे, प्राणी, मांस, मादक पदार्थ आणि विष यांचे. सम्यक आजीविकेच्या, म्हणजे योग्य उपजीविकेच्या, या कल्पनेची दुसरी बाजू कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याच्या लेण्यात दिसते. सातमाळ्याच्या रानातल्या या लेण्यात पैठणच्या गंधिक घराण्यातील मितदेवाचे दान शिलालेखात कोरलेले आहे. सुगंधी द्रव्यांच्या व्यापारातून नाव कमावलेल्या घराण्याने ते नाव रानातल्या दगडावर उघडपणे कोरून घेतले. आपल्या उपजीविकेवर नाव घालता येते का, ही सम्यक आजीविकेची साधी कसोटी आहे.

लागवडीचा प्रश्न याच कसोटीला लागतो. पतंजलींच्या मते हिंसादी दोष स्वतः केलेले, करवून घेतलेले आणि संमती दिलेले अशा तिन्ही रूपांत सारखेच दोष राहतात. पीक कोणाच्या हाती जाईल हे लावणाऱ्याच्या ताब्यात नसते. ते शाळकरी मुलाच्या हाती पडले तर कर्म लावणाऱ्यापर्यंत येतेच. शिवाय रान कोणा एकाचे नसते. गौताळ्यासारखे अभयारण्य असो वा गावाशेजारचे राखीव वन, तिथली जागा चोरून साफ करणे हा अस्तेयाचा भंग आणि ते लपवणे हा सत्याचा. महाराष्ट्रात पोलिसांनी उघडकीस आणलेली लागवड बहुधा तुरीच्या, कपाशीच्या किंवा उसाच्या आड असते. धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात ती वनजमिनीवरही वारंवार सापडली आहे. आडोसा लागतो, इथेच या शेतीचे नैतिक रूप उघड होते.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजाच्या झाडाची विनापरवाना लागवड गुन्हा ठरवली; शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. जप्त गांजाच्या वजनानुसार शिक्षा कमीजास्त होते. लागवडीच्या कलमात तशी अल्प प्रमाणाची सवलत नाही. ‘स्वतःपुरती दोन-चार झाडे’ हा नवख्याचा बचाव तिथे चालत नाही. बेकायदा लागवडीची माहिती तत्काळ देणे हे सरपंच व ग्रामअधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे. शेंड्यांवाचूनची नुसती पाने या कायद्यातील गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, पण महाराष्ट्रात भांगेवर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे नियंत्रण आहे. राखीव वनात जमीन फोडणे हा १९२७ च्या वन कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे.

कायदा म्हणजे धर्म नव्हे, हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला इतिहासाचे बळही आहे. १८९३–९४ च्या हेम्प ड्रग्ज आयोगाने अकराशेहून अधिक साक्षी नोंदवून, मर्यादित सेवनाने फारशी हानी होत नसल्याचे आणि सरसकट बंदी नको असल्याचे मत दिले होते. धार्मिक वापराची दखलही घेतली होती. जमैकाने २०१५ मध्ये रास्ताफारी पंथाला धार्मिक वापराची मुभा दिली. दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाने २००२ मध्ये रास्ताफारी अर्जदाराची धार्मिक सवलतीची मागणी फेटाळली, तर २०१८ मध्ये प्रौढांच्या खासगी वापराला खासगीपणाच्या हक्काखाली मान्यता दिली. भारतात संविधानाचे २५ वे कलम धर्मस्वातंत्र्य देते, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. उद्या इथला कायदा सैल झाला, तर लपवाछपवीचा दोष जाईल आणि पाणिनीच्या काळासारखे हे पीक पुन्हा उघड्यावर येईल. प्रमादाचा, आसक्तीचा आणि दुसऱ्याच्या हानीचा प्रश्न मात्र कायदा बदलल्याने सुटणार नाही.

तिन्ही प्रश्नांची उत्तरे यावरून वेगवेगळी निघतात. वनस्पतीला परंपरेने मान दिला आहे. तिच्या सेवनाला फार तर मर्यादेत सहन केले आहे. साधनेचे साधन म्हणून मात्र गीता, योगसूत्रे, वारकरी संत आणि बुद्ध यांपैकी कोणीही तिची शिफारस केलेली नाही. रानात चोरून गांजा लावणाऱ्याला महादेवाचे नाव घेता येते, पण त्या नावाचा आधार मिळत नाही.