हातचं राखून

सिल्व्हिया ट्रेंच हे नाव आज बाँडच्या चाहत्यांनाही चटकन आठवत नाही. १९६२ च्या ‘डॉ. नो’मध्ये जुगाराच्या टेबलावर ती आधी आपलं आडनाव सांगते, मग पूर्ण नाव. समोर बसलेला माणूस तिच्याच चालीवर आपलं नाव सांगतो. जगभर ज्याच्या नकला झाल्या ती ओळख करून देण्याची तऱ्हा मुळात सिल्व्हियाची. पुढच्या वर्षीच्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मध्येही ती आहे. नदीकाठी दोघांची सहल रंगात आलेली असते आणि नेमकं ऑफिसचं बोलावणं येतं. दर चित्रपटात असंच व्हावं, बाँड मोहिमेवर निघावा आणि ही चडफडत मागे राहावी, असा गमतीचा बेत होता. तिसऱ्या चित्रपटाला दिग्दर्शक बदलला, बेत बारगळला आणि सिल्व्हिया गेली ती गेलीच.

बाँडच्या सगळ्या नायिकांत मला तिचं महत्त्व जास्त वाटतं. ती त्याच्याच गावात राहते, गोल्फ खेळते, ठरवून भेटते आणि भेट मोडली की वैतागते. बाकीच्या बेटावर भेटतात, आगगाडीत भेटतात आणि शेवटी बाँडबरोबर कुठल्यातरी होडीत दिसतात. पडदा पडतो तेव्हा होडी पाण्यावरच असते. ती किनाऱ्याला लागल्यावर, सोमवारी सकाळी, या दोघांचं काय होत असेल?

याचं एक उत्तर सगळ्यांच्या तोंडी तयार असतं. धंदा जिवावरचा, तिथे संसार कसला? पुरावाही हाताशी आहे. १९६९ च्या ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’मध्ये बाँडचं लग्न होतं आणि ट्रेसी लग्नाच्याच दिवशी गाडीत गोळी लागून मरते. ‘कॅसिनो रोयाल’मध्ये (२००६) तो व्हेस्परसाठी राजीनामा देऊन मोकळा होतो, आणि ती व्हेनिसच्या पाण्यात बुडते. पण हे उत्तर मला पटत नाही. धोका काय हेराच्याच घरी असतो? साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात घरटी माणूस फौजेत आहे आणि तिथले संसार पिढ्यान्‌पिढ्या चाललेत. खलाशांच्या बायका आहेत, आग विझवणाऱ्यांच्या आहेत. नवरा परत येईल की नाही ही भीती माणसं पोटात घालून जगतात. नवरा सांगतो ते खरं की खोटं, हे कधीच कळणार नसेल तर मात्र जगणं कठीण होतं.

‘नो टाइम टु डाय’मधला (२०२१) मॅटेराचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा बघण्यासारखा आहे. बाँड नोकरी सोडून मॅडलिनबरोबर इटलीतल्या या दगडी गावात आला आहे. गावात लोक जुन्या गोष्टी कागदावर लिहून जाळताहेत. व्हेस्परच्या कबरीपाशी स्फोट होतो, मारेकरी मागे लागतात आणि पळापळीत मॅडलिनचा फोन वाजतो. पलीकडे बाँडचा जुना शत्रू ब्लोफेल्ड. तो तिच्याशी चार शब्द बोलतो, बस्स. तेवढं पुरतं. चौकात गाडी चारी बाजूंनी घेरली जाते. काचा बुलेटप्रूफ असल्या तरी त्यांना तडे जाऊ लागतात. मॅडलिन विनवते, काहीतरी कर म्हणते, आणि बाँड ढिम्म बसून राहतो. समोर बघत. त्याच्या हाताशी या गाडीतली सगळी हत्यारं आहेत, ती तो नंतर वापरतोच. पण तेवढा वेळ तो शत्रूशी लढत नाही, शेजारच्या बाईची उलटतपासणी घेतो. बंदिवानाला बोलतं करायची ही जुनी रीत आहे: भीती वाढू द्यायची आणि चेहरा वाचायचा. नंतर तो तिला आगगाडीत बसवून देतो आणि पाच वर्षं तोंड दाखवत नाही. ती निर्दोष होती. तिने फक्त आपल्या लहानपणातली एक गोष्ट हातची राखली होती, आणि हातचं राखण्याच्या बाबतीत बाँडने कुणाला नावं ठेवावीत?

हीच परीक्षा हिचकॉकने १९४६ मध्ये ‘नटोरियस’मध्ये, गोळीबार न करता, दाखवली होती. आणि माझ्या मते जास्त निर्दयपणे. रिओमध्ये अलिशिया आणि सरकारी हेर डेव्हलिन यांचं जमलेलं असतं. वरून हुकूम येतो की तिने सेबॅस्टियन नावाच्या माणसाशी सलगी वाढवून त्याच्या घरात शिरायचं. डेव्हलिन हे तिला सांगतो आणि गप्प राहतो. तिने नाही म्हणावं याची तो वाट बघतो. त्याने अडवावं याची ती वाट बघते. दोघंही ताकास तूर लागू देत नाहीत आणि त्या गप्प राहण्यापायी ती सेबॅस्टियनशी लग्नसुद्धा करून बसते. शेवटी डेव्हलिन विषाने अर्धमेली झालेल्या अलिशियाला आधार देत जिना उतरवतो. सुंदर प्रसंग आहे, सिनेमाच्या इतिहासातला एक उत्तम जिना. पण ती बरी झाल्यावर, चार-पाच वर्षांनी, दुधाच्या हिशेबावरून भांडण झालं की हा गृहस्थ सेबॅस्टियनचं नाव काढणार याबद्दल मला शंका नाही.

मराठी प्रेक्षकाला खरं तर हा मामला बाँडच्या पन्नासेक वर्षं आधीपासून ठाऊक होता. खाडिलकरांचं ‘विद्याहरण’ १९१३ चं. शुक्राचार्यांची संजीवनी विद्या मिळवायला देव बृहस्पतीच्या मुलाला, कचाला, असुरांच्या गोटात पाठवतात. शुक्राचार्यांच्या मुलीला, देवयानीला, प्रसन्न करून घे, हा महाभारतात त्या मोहिमेचाच भाग आहे. कच गातो, नाचतो, फुलं आणून देतो. असुर त्याला पुन्हा पुन्हा मारतात आणि देवयानी दर वेळी बापाकडे हट्ट धरून त्याला जिवंत करून घेते. विद्या हाती लागल्यावर ती लग्नाचं विचारते. कच म्हणतो, मी तुझ्या वडिलांच्या पोटातून बाहेर आलो, आता तू माझी बहीण. शास्त्रात चूक काढता येणार नाही असं हे उत्तर आहे, आणि म्हणूनच संतापजनक आहे. मोहीम संपली की परत येण्याचं निमित्त कागदोपत्री तयार असावं, तसं. कचाला ती आवडत होती की नाही? शाप-उ:शाप झाले, पण ते काही कळलं नाही.

विसाव्या शतकात अशा कचांचं खातंच निघालं. पूर्व जर्मनीच्या परदेशी हेरखात्याचा प्रमुख मार्कुस वोल्फ पश्चिम जर्मनीच्या राजधानीत, बॉनमध्ये, देखणे आणि आर्जवी पुरुष पेरत असे. सावज ठरलेलं: सरकारी कचेऱ्यांतल्या एकट्या राहणाऱ्या सेक्रेटरी. सोव्हिएत हेरखातंही तेच करत होतं. परराष्ट्र खात्यातल्या लेओनोरे ज्युटरलीन या बाईंनी नवऱ्यावरच्या प्रेमापोटी वर्षानुवर्षं कागद घरी आणले. १९६७ मध्ये दोघं पकडले गेले, लग्न हीच मोहीम होती हे बाईंना तपासात कळलं आणि त्यांनी कोठडीत जीव दिला. घरात मारेकरी कधी शिरला नव्हता. संसारही सात वर्षं टिकला होता. त्यामुळे टिकण्याला फार मान द्यावा असं मला वाटत नाही.

‘द अमेरिकन्स’ ही मालिका (२०१३ ते २०१८) या बाबतीत बहुतेक चित्रपटांपेक्षा शहाणी निघाली. फिलिप आणि एलिझाबेथ हे सोव्हिएत हेर अमेरिकेत नवरा-बायको म्हणून राहतात. त्यांचं लग्न केजीबीने लावून दिलेलं. पत्रिका नाही, पसंती नाही, वरिष्ठांनी खोलीत बसवलं आणि सांगितलं, हिच्याबरोबर जन्म काढायचा. आपल्याकडच्या कितीतरी आजी-आजोबांना यात नवल वाटणार नाही. आणि हे लग्न टिकतं. अनेक वर्षांनी ते चोरून, पाद्रीसमोर, खऱ्या नावांनी पुन्हा लग्न करतात. त्याच फिलिपने दुसरीकडे एफबीआयमधल्या मार्था या सेक्रेटरीशी खोट्या नावाने लग्न केलेलं असतं. एकच माणूस, दोन बायका. मार्थावर तो जीव लावतो, तरी ते लग्न पोकळ, कारण तिला काहीच माहीत नाही. एलिझाबेथला सगळं माहीत आहे, मार्थासकट. शेवटी हिशेब चुकता होतो तो मुलांच्या रूपाने: दोन्ही मुलं अमेरिकेतच राहतात.

‘एक था टायगर’ने (२०१२) हीच युक्ती हिंदीत आणली. रॉचा टायगर आणि आयएसआयची झोया यांचं खोटं लवकरच उघडं पडतं, मग लपवायला काही उरत नाही. ‘टायगर जिंदा है’मध्ये ती दोघं ऑस्ट्रियात मुलाला वाढवताना दिसतात. हिंदी सिनेमाला मूल दाखवल्याशिवाय चैन पडत नाही, तरी इथे ते पटतं. पण ‘टायगर ३’मध्ये (२०२३) त्याच मुलाच्या जिवाची धमकी देऊन झोयाला नवऱ्यापासून लपवून काम करायला भाग पाडलं जातं. कौटिल्याला हे आधीच सुचलं होतं: शत्रूकडे नोकरी धरून दोन्हीकडचा पगार घेणाऱ्या हेराची बायकामुलं राजाने आपल्या ताब्यात ठेवावीत, असं ‘अर्थशास्त्र’ सांगतं. बायकामुलं असणं म्हणजे तारण असणं.

फ्लेमिंगच्या कादंबऱ्या चित्रपटांपेक्षा या बाबतीत प्रामाणिक आहेत. स्वतःचं लग्न तोंडावर आलेलं असताना, १९५२ च्या सुरुवातीला, त्याने जमैकात बसून पहिली बाँडकथा लिहिली. ‘मूनरेकर’मधली पोलीस खात्यातली गाला ब्रँड कामगिरी संपल्यावर आपल्या ठरलेल्या नवऱ्याकडे निघून जाते. टिफनी केस बाँडबरोबर काही महिने राहून बघते आणि दुसऱ्या माणसासाठी त्याला सोडते. गाला ब्रँडला बाँडपटांच्या मुख्य मालिकेने आजवर पडद्यावर आणलेलं नाही. बाँडला नकार मिळतो हे दाखवण्यापेक्षा नायिका मेलेली परवडते, असा हिशेब असावा.

माझ्या मते टिकलं असतं असं एकच प्रेम हेरपटांनी दाखवलं, आणि ते राहायला आलं होतं गोव्यात. ‘बोर्न आयडेंटिटी’मध्ये (२००२) जेसन बोर्नची स्मृती गेलेली असते. मारी त्याला अगदी सुरुवातीलाच भेटते. तो कोण, त्याने कुणाला मारलं, पासपोर्ट कितीतरी का, हे त्याला कळत जातं तसं तिलाही कळत जातं. सोबतिणीपासून काही लपवण्याची सोयच नसलेला हा एकटा हेर. ‘बोर्न सुप्रीमसी’च्या (२००४) सुरुवातीला ती दोघं गोव्यात समुद्राकाठी राहताना दिसतात. रात्री तो दचकून उठतो, तीही उठते, आणि आठवलं ते वहीत लिहून ठेव म्हणते. भूतकाळ हे दोघांनी मिळून करायचं घरातलं एक काम आहे, धुणं-भांडी असतात तसलं. इतकं निरोगी घर पटकथेला चालणारं नव्हतं. जीपमधून पळताना मारीला गोळी लागते, जीप पुलावरून नदीत पडते आणि बोर्न पाण्याखाली तिला श्वास देत राहतो. मग किनाऱ्यावर तिची कागदपत्रं जाळतो, एक फोटो तेवढा ठेवतो. इथे मात्र धोक्यानेच संसार मोडला. मारीला जिवंत ठेवलं असतं तर पुढे सिनेमाच नव्हता: भाड्याचं घर, व्हिसाची मुदत, पावसाळ्यात भिंतींना येणारी ओल.

ज्युलियाची गोष्ट वेगळी आहे. ‘मिशन: इम्पॉसिबल’च्या तिसऱ्या भागात (२००६) हेर इथन हंट ज्युलिया या नर्सशी लग्न करतो, पुढे तिच्या जिवासाठी तिला सोडतो आणि ती मेल्याचं जगाला भासवलं जातं. ‘फॉलआउट’मध्ये (२०१८) ती काश्मीरमधल्या वैद्यकीय छावणीत अचानक समोर येते. दुसरं लग्न केलंय, नवरा डॉक्टर, सज्जन, हसतमुख. तो इथनचं मनापासून स्वागत करतो. इथन कुणीतरी ओळखीचा आहे एवढंच त्याच्यापर्यंत पोचतं, आणि ज्युलिया ते ज्या सहजतेने निभावून नेते ते बघण्यासारखं आहे. इथनशी लग्न करताना ती काहीच लपवत नव्हती, लपवत होता तो. आता हा धडा गिरवून ती दुसऱ्या घरात आली आहे. ती सुखी आहे, हे ती सांगते आणि मला खरं वाटतं. तिचा हा संसार टिकेल, अशीही माझी अटकळ आहे. त्या भल्या डॉक्टरला मात्र आपण एका हेराशी लग्न केलंय याचा पत्ता नाही.