लॉजच्या नोंदवहीतला रकाना

समलिंगी जोडप्यांसाठी लिहिलेल्या प्रवासी सल्ल्यात भारताचे वर्णन बहुतेक वेळा एकाच सुरात येते: कायद्याची आडकाठी नाही, पण समाज जुन्या वळणाचा आहे, जपून राहावे. चंद्रपूर आणि गडचिरोली हे जंगलाचे जिल्हे या वर्णनात चपखल बसतात. ताडोबाचा वाघ पाहायला परदेशातून माणसे येतात, मुंबई-पुण्याहून तर येतातच, आणि त्यांत जोडीने आलेले दोन पुरुष किंवा दोन स्त्रियाही असतात. जपून राहण्याचा सल्ला त्यांच्यासाठी चुकीचा नाही. मात्र जपण्याचा सगळा भार पाहुण्यावर टाकून यजमानाला मोकळे सोडण्याची खोड त्या सल्ल्यात आहे, आणि नैतिक प्रश्न उभा राहतो तो तिथेच.

आधी कायदा. ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रौढ व्यक्तींच्या परस्परसंमतीच्या संबंधांना कलम ३७७ च्या कक्षेबाहेर काढले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच उरले नाही. (त्याबरोबर प्रौढ पुरुषावरील लैंगिक अत्याचाराविरुद्ध त्याच कलमात असलेले संरक्षणही गेले, त्याची चर्चा व्हावी तेवढी झाली नाही.) १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुप्रियो खटल्यात त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. दोघांनी एकत्र राहणे गुन्हा नाही, पण त्या एकत्र राहण्याला कायद्याच्या दप्तरात नाव नाही, अशी ही अवस्था आहे. जगात साठहून अधिक देशांत असे संबंध आजही गुन्हा ठरतात. युगांडाच्या २०२३ च्या कायद्यात तर काही प्रसंगी मृत्युदंडाची तरतूद आहे. तिथे जाणाऱ्याला पोलिसांची भीती असते. चंद्रपूर जिल्ह्यात मोहर्ली किंवा मूल या गावांच्या वाटेवरच्या पाहुण्याला भीती असते ती लॉजच्या काउंटरची.

गंमत अशी की त्या काउंटरवर दोन पुरुषांना सहसा काहीच विचारले जात नाही. चंद्रपूर हे कोळसा खाणींचे आणि औष्णिक वीज केंद्राचे शहर. ठेकेदारांची माणसे, मशीन दुरुस्तीला आलेले तंत्रज्ञ, औषध कंपन्यांचे एमआर असे कितीतरी लोक दोघांत एक खोली घेऊन राहतात. दोन पुरुष, एक खोली, हा इथला रोजचा हिशेब. उलट लग्न न झालेले स्त्री-पुरुष आले की ‘आधार दाखवा, पत्ता एकच आहे का’ सुरू होते. वास्तविक सज्ञान अविवाहित जोडप्याने हॉटेलात एका खोलीत राहणे बेकायदा नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोइम्बतूरच्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. दोन स्त्रिया एकट्या आल्या तर सोबत पुरुष का नाही याची चौकशी होते. तृतीयपंथी किंवा ट्रान्स व्यक्तीची वाट सर्वांत खडतर, कारण ओळखपत्रावरचा जुना फोटो, नाव आणि समोरचा चेहरा जुळत नाही. थोडक्यात, ज्याला लपता येते त्याला सोय आहे. या सोयीला सहिष्णुता म्हणण्याचा मोह टाळलेला बरा. दोघे जोडीदार आहेत हे कळल्यावर ‘खोल्या फुल आहेत’ असे उत्तर आले, तर ते आदरातिथ्य कशाचे होते ते उघड होते.

ओळख लपवून निवारा मिळवण्याची गोष्ट महाराष्ट्राला परकी नाही. १९१७ मध्ये परदेशातून शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्या शहरात राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत, तिथल्या व्यवस्थापकाच्या संमतीने, पारशी नाव नोंदवून ते राहिले. काही दिवसांतच लाठ्या घेतलेल्या पारशांच्या जमावाने त्यांना तिथून निघायला भाग पाडले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे. अस्पृश्यता आणि समलिंगी माणसाची अडचण एका तराजूत घालता येत नाही. जात गावभर ठाऊक असते, हे नाते झाकता येते, आणि जातीमागे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंचनेचे ओझे असते. पण संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख झाला, त्यामागे असेच अनुभव होते. त्या कलमाने सरकारबरोबर खासगी हॉटेलमालकालाही बांधले. तिथे धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान या पाच कारणांवरून दार बंद करता येत नाही, आणि ‘लिंग’ या शब्दात लैंगिक कलही येतो असे विवेचन जोहर निकालात आहे. खोली नाकारलेल्या जोडप्याने कोर्टात जावे असा याचा अर्थ नव्हे. सफारीचे आरक्षण उद्या पहाटेचे असते. पण ‘आमचा लॉज, आमची मर्जी’ हे वाक्य निदान चंद्रपुरात तरी सहज उच्चारले जाऊ नये. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरनंतर दोन दिवसांनी, बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली ती याच शहरात.

मग पाहुण्याने नाते काय सांगावे? बहुतेक जण ‘मित्र’ सांगतात, आणि काहींना ते खोटे बोलणे वाटून टोचत राहते. इथे थोडे बारकाईने पाहावे लागते. उत्तर मिळण्याचा हक्क ज्याला आहे त्याला फसवणे हे खोटेपण. लॉजच्या मॅनेजरला नाव, पत्ता, ओळखपत्र, येण्या-जाण्याची वेळ विचारण्याचा हक्क आहे. परदेशी पाहुण्याची माहिती तर ठरावीक फॉर्म भरून सरकारला कळवावीच लागते. तिथे खोटे नाव देणे गैरच, आणि अंगाशीही येईल. पण नोंदवहीत ‘नाते’ असा रकाना असला, तरी दोन प्रौढांचे प्रेम तपासण्याचा अधिकार त्या रकान्यातून कोणाला मिळत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा पुट्टास्वामी निकाल ऑगस्ट २०१७ चा आहे. तेव्हा ‘मित्र’ लिहिणाऱ्याने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. जे लिहितात ‘जोडीदार’, त्यांचे धैर्य मोठे; पण ते इतरांवर लादण्याचे कर्तव्य नव्हे. एवढे मात्र खरे की चार दिवस प्रत्येक टेबलावर, प्रत्येक गाडीत मित्र बनून वावरण्याची किंमत पडते, आणि ती प्रवासखर्चाच्या हिशेबात कुठेच दिसत नाही.

प्रश्न विचारणारे सगळेच संशयी नसतात, हेही ध्यानात घ्यावे. जिप्सीचा चालक, गेटवरचा गाइड किंवा चहाच्या टपरीवरचा म्हातारा ‘कुठले तुम्ही? लग्न झालं का जी?’ असे सर्वांनाच विचारतो. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, ही चौकशी आपुलकीची रीत आहे. तिला पोलिसी जबानी समजून ताठरण्याची गरज नाही. ‘नाही झालं’ म्हणून वाघाचा विषय काढला की गाडी पुढे जाते. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात. अनोळखी चौघांसोबत तीन-चार तास काढण्यापेक्षा परवडत असेल तर पूर्ण गाडी घेणे सुखाचे. सफारीच्या परवान्याला प्रत्येकाचे ओळखपत्र पुरते. दोघांचे एकमेकांशी काय नाते, याच्याशी वनखात्याला कर्तव्य नाही. दोन पुरुषांनी हातात हात घालून चालणे चंद्रपूरच्या महाकालीच्या यात्रेतही कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. चुंबन किंवा मिठी नवरा-बायकोनेही चौकात घेतली तर माना वळतात. हा नियम सर्वांना सारखा आहे असे वरवर दिसते, पण मंगळसूत्र घातलेल्या जोडप्याला खोलीत शिरल्यावर दाराबाहेरच्या पावलांचा कानोसा घ्यावा लागत नाही.

विदर्भ यातले काहीच जाणत नाही, हाही गैरसमज आहे. वर्धा नदीपलीकडच्या यवतमाळात डिसेंबर २०१७ मध्ये, म्हणजे कलम ३७७ शाबूत असताना, तिथल्या एका गृहस्थाने आपल्या परदेशी जोडीदाराशी आप्तेष्टांसमोर विवाहसोहळा केला होता. नागपुरात सारथी ट्रस्ट ही संस्था या समाजात काम करते आणि तिथे प्राइड मिरवणुकाही निघाल्या आहेत. अडचणीत फोन करण्यासारखे माणूस म्हणूनच अनेकदा चंद्रपूरपेक्षा नागपुरात सापडते. निघण्यापूर्वी असा एखादा क्रमांक लिहून घ्यावा.

गडचिरोलीचे गणित वेगळे आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचा बहुतेक भाग जंगलाखाली आहे. आलापल्ली, भामरागड, सिरोंचा या बाजूला राहायच्या सोयी मोजक्या, मोबाइलची रेंज जागोजागी तुटते, आणि नक्षल चळवळीच्या इतिहासामुळे अनोळखी माणसाची विचारपूस अधिक होते. ही विचारपूस कोण कशासाठी आला याची असते, कोणासोबत निजतो याची नव्हे. दिवसाउजेडी प्रवास, ओळखपत्र जवळ, मुक्काम आधी ठरवलेला, एवढे सांभाळले तर जोडप्याला इतर प्रवाशांपेक्षा वेगळे काही करावे लागत नाही. खरा धोका दुसरीकडे आहे. डेटिंग ॲपवर ओळख झालेल्या स्थानिक माणसाला आडबाजूला भेटायला जाणे, आणि तिथे फोटो काढून पैसे उकळले जाणे, हे प्रकार लहान शहरांत घडतात. अशा वेळी पैसे देत बसू नये. खंडणीचा गुन्हा न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली येतो, आणि २०१८ पासून तक्रारदाराला स्वतःच आरोपी होण्याची भीती नाही. ठाण्यातली नजर कशी असेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणून वकील किंवा संस्थेचा माणूस सोबत असावा.

पाहुण्याचीही एक परीक्षा या जंगलात होते. माडिया आणि गोंड गावांतल्या गोटुलविषयी शहरांत फार रंगवून बोलले जाते. जिथे स्त्री-पुरुष संबंध मोकळे, तिथे आपल्यालाही मोकळीक असेल, अशी कल्पना करून काही प्रवासी येतात. गोटुल हे गावाच्या बैठकीचे, तरुणांच्या शिकण्या-नाचण्याचे, निर्णयाचे ठिकाण. बाहेरच्याच्या स्वप्नांसाठी ते उभारलेले नाही. आदिवासींकडे पुरातन सहिष्णुता शोधणे आणि त्यांना मागास ठरवणे या दोन्हींत त्यांना विचारलेले नसते. त्यांच्या अंगणात न विचारता शिरून फोटो काढणाऱ्या प्रवाशाला स्वतःच्या खोलीच्या खासगीपणाची मागणी करताना थोडे थांबावे लागेल. आपल्या आयुष्याकडे डोकावू नये असे ज्याला वाटते, त्याने भामरागडच्या बाजारात कॅमेरा पिशवीत ठेवावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

यजमानांपैकी लॉज आणि रिसॉर्ट चालवणाऱ्यांचे काम अवघड नाही. आरक्षण करतानाच एक मोठा पलंग हवा की दोन, हे दोन पुरुषांनाही विचारावे आणि मिळेल ते उत्तर लिहून घ्यावे. मोठा पलंग मागितला म्हणून पाहुणा आल्यावर ‘चुकून झाले असेल’ म्हणत खोली बदलू नये. कोणत्या खोलीत कोण उतरले याची चर्चा स्वयंपाकघरापासून गेटपर्यंत पोहोचू देऊ नये. गावे लहान आहेत. एक वाक्य संध्याकाळपर्यंत सगळ्या जिप्सींत फिरते.

राहिला दवाखाना. जंगलात साप आहे, उन्हाळ्यात उष्माघात आहे, रस्त्यावर अपघात आहे, आणि १०८ ची रुग्णवाहिका आली की पहिला प्रश्न येतो, ‘नातेवाईक कोण?’ इथे ‘मित्र’ हा शब्द तोकडा पडतो, कारण शस्त्रक्रियेच्या संमतीसाठी घरच्यांचा शोध सुरू होतो, आणि घरच्यांनी कदाचित दहा वर्षे फोन उचललेला नसतो. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून, जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेहाचा ताबा देण्याविषयी कळवले. ते पत्र तालुक्याच्या रुग्णालयातल्या रात्रपाळीच्या डॉक्टरला ठाऊक असेलच असे नाही. म्हणून आपत्काळी कोणाला कळवावे आणि उपचारांबाबत कोणाशी बोलावे, हे प्रत्येकाने सही करून लिहिलेला कागद, दोघांचे रक्तगट आणि चालू औषधांची नावे, आरोग्य विम्याच्या कार्डाची प्रत, हे सारे ओळखपत्राच्या पाकिटात ठेवावे. एक प्रत दुसऱ्याच्या पाकिटातही हवी.