विश्रांती ही मजुरी नव्हे

आठवडाभर राबलो, आता रविवारी जरा टेकायला मिळालं, असं आपण सहज म्हणून जातो. त्या बोलण्यात एक हिशेब असतो: आधी काम, मग त्याचा मोबदला म्हणून आराम. ज्यानं जास्त कष्ट उपसले त्याचा आराम जास्त हक्काचा. पवित्र शास्त्रातला शब्बाथ हा हिशेब मानत नाही, आणि माझ्या मते ख्रिस्ती उपासनेचं मर्मही तिथेच आहे.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणूस घडतो तो सहाव्या दिवशी. म्हणजे त्याच्या वाट्याला आलेला पहिला अख्खा दिवस विसाव्याचा. काम देवानं केलं होतं. माणसानं अजून इकडची काडी तिकडे केलेली नव्हती. तरी त्याच्या आयुष्याची सुरुवात देवाच्या विसाव्यात झाली. पुढे पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी आठवड्याचा पहिला दिवस, प्रभूच्या पुनरुत्थानाचा, एकत्र जमण्यासाठी धरला. आधी देवापुढे उभं राहायचं, मग कामाला लागायचं. शनिवार पाळावा की रविवार, हा वाद मंडळ्यांमध्ये आजही आहे. पण विसावा कमवावा लागत नाही, हे दोन्हीकडे सारखंच खरं.

हे ज्याला सर्वांत आधी खुपलं तो फारो. मोशे आणि अहरोन त्याच्यापुढे गेले ते एवढंच मागायला, की आमच्या लोकांना रानात जाऊन देवाची उपासना करू दे. फारो खवळला. हे लोक आळसावलेत, म्हणून त्यांना देव आठवतोय, असं त्याचं म्हणणं पडलं. त्यानं विटांसाठी लागणारा पेंढा देणं बंद केलं. पेंढा तुम्ही गोळा करा, विटांचा आकडा मात्र तोच. तो आकडा भरेना, तेव्हा इस्राएली नायकांच्या पाठीवर फटके बसले. उपासनेची परवानगी मागणाऱ्यांना एवढी शिक्षा का? कारण देवापुढे उभा राहिलेला गुलाम तेवढ्या वेळापुरता तरी विटांच्या आकड्यातून सुटतो. माझा धनी दुसरा आहे, हे तो सगळ्यांदेखत सांगतो. फारोनं उपासनेचा अर्थ आपल्यापेक्षा नेमका ओळखला होता.

मिसरातून सुटका झाल्यावर, सीनायवर आज्ञा मिळण्याच्याही आधी, लोकांना विसाव्याचा धडा मिळाला तो अन्नातून. रोज सकाळी मान्ना पडायचा. उद्यासाठी साठवला तर त्यात किडे व्हायचे. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मिळायचा आणि सातव्या दिवशीही चांगला राहायचा. तरी काही जण सातव्या दिवशी बाहेर पडले, आणि त्यांना काही मिळालं नाही. त्या माणसांचा विचार माझ्या मनातून जात नाही. घरात पुरेसं होतं. पण पिढ्यान् पिढ्या गुलामीत वाढलेल्या जिवाला एक दिवस हात रिकामे ठेवणंही भीतीचं वाटलं असणार. उपासनेत बसूनही ज्याचं बोट फोनवरच्या कामाच्या निरोपांवर फिरत असतं, त्याला ही भीती परकी नाही.

अनुवादाच्या पुस्तकात शब्बाथाचं कारण म्हणून हीच गुलामी सांगितली आहे: तू मिसरात दास होतास, हे विसरू नकोस. म्हणून ती आज्ञा एकट्यापुरती थांबत नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, दारातला परका, सगळ्यांना ती कवेत घेते. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांना शेजाऱ्यांनी नाव दिलं ते शनवार तेली, कारण हे तेल गाळणारे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत. घाणा थांबला की मालकाबरोबर बैलही सुटतो. आज्ञेत जे लिहिलंय ते त्या गोठ्यात दिसत होतं.

लूकच्या शुभवर्तमानात येशू बैलाच्या याच सुटण्याचा दाखला देतो. अठरा वर्षं कमरेत वाकलेली एक बाई सभास्थानात येते. येशू तिला सरळ उभी करतो. सभास्थानाचा अधिकारी रागावतो: कामाला सहा दिवस आहेत, बरं व्हायला तेव्हा या. त्यावर येशू विचारतो, शब्बाथाच्या दिवशी तुम्ही आपला बैल सोडून पाण्यावर नेता ना? मग अब्राहामाच्या या लेकीला बांधून का ठेवायचं? त्याच्या दृष्टीनं तिला मोकळं करायला याहून योग्य दिवस नव्हता. आणि ती बाई सरळ झाल्याबरोबर काय करते? देवाचा गौरव. विसावा आणि उपासना यांची गाठ मला इतकी घट्ट दुसरीकडे कुठे दिसली नाही.

पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांना रविवारची सुट्टी नव्हती. ती आली 321 साली, सम्राट कॉन्स्टंटाइनच्या हुकुमानं. इ.स. 112 च्या सुमाराचं रोमी सुभेदार प्लिनीचं पत्र सांगतं, की ते उजाडण्याआधी जमत. खरं काय ते काढण्यासाठी त्यानं दोन दासींचा छळही केला, आणि त्या मंडळीच्या सेविका होत्या. पुढे सुमारे 155 साली ख्रिस्ती लेखक जस्टिननं रोममधल्या रविवारच्या सभेचं वर्णन केलं: वाचन, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस, गैरहजर असलेल्यांकडे पोहोचवलेला वाटा, आणि अनाथ, विधवा, आजारी, कैदी यांच्यासाठी जमवलेलं दान.

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार मिळाला 1890 साली, नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 पासून लढा दिल्यावर. लोखंडे सत्यशोधक होते, ख्रिस्ती नव्हते. पण दुसऱ्याला सोडवणारा विसावा म्हणजे काय, हे त्यांच्याकडून शिकावं.

आता आपल्या घरातला रविवार. पहाटे उठून मटण शिजत लावायचं, मुलांना तयार करायचं, धावतपळत चर्च गाठायचं, आणि आशीर्वाद मिळाल्याबरोबर पुन्हा ओट्यापुढे उभं राहायचं. पाहुणे आले तर भांडी दुप्पट. शब्बाथाच्या आज्ञेतल्या यादीत बायकोचं नाव नाही. तिचा समावेश ‘तू’ या शब्दातच आहे, असं अभ्यासक सांगतात, आणि ते पटतं. घरोघरी मात्र ती यादीबाहेरच राहिली. उपासनेत पुढच्या बाकावर बसून मोठ्यानं गीत गाणाऱ्या घरधन्याचा विसावा तिच्या कमरेवर उभा असेल, तर तो शब्बाथ नव्हे. सहाव्या दिवशीच भाजून-शिजवून ठेवा, असं मोशेनं रानातल्या लोकांना सांगितलं होतं. आपणही शनिवारी संध्याकाळी, घरातल्या पुरुषांनी आणि मुलग्यांनी हात लावून, रविवारचं साधंसं जेवण करून ठेवू शकतो; आणि रविवारी दुपारची भांडी ज्यानं त्यानं घासावीत.