माझं रान, माझा पेशंट

आपल्यापैकी अनेकांची नावं आजही गावाकडच्या सातबाऱ्यावर आहेत. आजोबा गेले, मग वडील गेले, वारसांची नोंद झाली आणि शिकागोत बसल्या बसल्या आपण जमीनदार झालो! ‘ती जमीन आपली आहे’ असं आपण सहज म्हणतो. पण आपली म्हणजे कशी, हा प्रश्न कायद्याचा आहे त्याहून अधिक नीतीचा आहे. माझ्या आजोबांची आठवण काढताना मला तो टाळता येत नाही.

आजोबांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांची शेती लातूर जिल्ह्यात, मांजरेच्या खोऱ्यात. जमीन काळी, भारी. रब्बीला ज्वारी, मधे हरभरा आणि कडेने करडई. करडईला काटे असल्याने जनावरं आत शिरायला धजत नाहीत. रब्बीची ज्वारी पावसाळा सरताना पेरायची आणि ती वाढते जमिनीत मुरलेल्या ओलीवर. त्यामुळे वाफसा कधी येतो, हे ओळखणं महत्त्वाचं. आबा मूठभर माती दाबून वाफसा सांगत. उतारवयात मोतीबिंदूने नजर अधू झाली, तेव्हा अनवाणी चालून तळपायाने सांगू लागले. छपराखाली त्यांना झोप लागत नसे. कणसं भरू लागली की पाखरं राखायला त्यांचा मुक्काम माळ्यावर. वेळ अमावास्येला सगळं घर रानात जेवायचं आणि रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही आबा आंबील, भज्जी खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ देत नसत.

त्यांच्या तोंडी सतत ‘माझं रान’ असे. पण त्या रानाशी ते वागत कसे? शेजाऱ्याचा बांध त्यांनी कधी कोरला नाही. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी बांधावर चिंचेची रोपं लावली. चिंच लागायला कितीतरी वर्षं जातात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? आपण खाणार नाही त्या फळाला उन्हाळ्यात घागरीने पाणी घालणारा माणूस ‘माझं’ म्हणतो, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ नक्कीच मालकी एवढाच नसतो.

हा अर्थ मला उमगला तो माझ्या व्यवसायात. अंबाजोगाईला एम.बी.बी.एस. करताना वॉर्डात आम्ही ‘माझा पेशंट’ म्हणायला शिकलो. इथेही रोज तेच म्हणतो. पेशंट काही माझ्या मालकीचा नसतो. माझा पेशंट म्हणजे ज्याचं बरंवाईट झालं तर उत्तर मला द्यायचं आहे तो. ड्यूटी संपली की तो मी दुसऱ्या डॉक्टरच्या हवाली करतो, आणि त्या क्षणापासून तो त्याचा पेशंट होतो. निगा आणि जबाबदारी जिकडे जाते, तिकडे ‘माझा’ हा शब्दही जातो. आबांचं ‘माझं रान’ याच जातीचं होतं.

मग आज ते रान कोणाचं? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं. आम्ही ती बातमी इथे पाहत होतो, माझा चुलतभाऊ तिथे जनावरांच्या पाण्यासाठी वणवण करत होता. आता तो सोयाबीन घेतो, कर्ज काढतो, फेडतो. त्याची इच्छा आहे की आम्ही परदेशातल्यांनी हक्कसोडपत्र करून द्यावं. त्यात लबाडी नाही. महाराष्ट्रातली सरासरी शेतजमीन १९७०-७१ मध्ये दर खातेदारामागे ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आली. इतक्या तुकड्यांत वाटलेल्या जमिनीवर न कसणाऱ्यांचीही नावं असली, की कसणाऱ्याचे हात बांधले जातात. मराठवाड्यात १९५० च्या कूळकायद्याने कुळांना हक्क मिळाले, त्यामागे हाच न्याय होता: कसेल त्याची जमीन.

मात्र एक अडचण ध्यानात घ्यायला हवी. परदेशस्थ भारतीयाला वारसाने शेतजमीन मिळते, पण विकत घेता येत नाही. म्हणजे आज सोडली, की ती परत मिळण्याची आशा जवळजवळ संपलीच. सही करताना हात थबकतो तो त्यामुळे.

दुसरी गोष्ट त्याहून नाजूक आहे. ‘कसेल त्याची’ हे तत्त्व आपल्या घराघरांत बहिणींचा वाटा बुडवायलाही वापरलं गेलं आहे. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये. तरी ‘भावाला सोडून दे’ हा आग्रह संपलेला नाही. माझ्या आत्यांनी लग्नाआधी त्या रानात जेवढी खुरपणी केली, तेवढी आम्हा नातवांपैकी कोणीच केली नाही. बी-बियाणं राखेत घोळून जपून ठेवणं आजीकडे होतं. कसणारा म्हणजे फक्त नांगर धरणारा, असं मानलं तर न्यायाच्या नावाखाली अन्यायच होईल.

म्हणून माझा निष्कर्ष असा. माझा हक्क सोडायला मी तयार आहे, कारण निगा माझ्याकडे नाही. पण माझ्या त्यागाच्या मोठेपणाचं ओझं आत्यांवर पडता कामा नये. ‘अमेरिकेतल्याने सोडलं, मग तुम्ही का नाही?’ असं त्यांना कोणी म्हणू नये, एवढी काळजी आधी घ्यायची आहे. दान देणाऱ्याच्या मनातून यावं लागतं, ते कोणाकडून काढून घेता येत नाही.

नाव काढलं तर आबांची आठवण पुसली जाईल, अशी भीती मला वाटत नाही. ते उताऱ्यावर कधी नव्हतेच, बांधावर होते. आपण खाणार नाही त्या झाडाला पाणी घालण्याची त्यांची रीत मला इथे दवाखान्यातही पाळता येते, आपल्या मुलांनाही शिकवता येते.

आपल्यापैकी ज्यांची नावं अशा उताऱ्यांवर आहेत, त्यांनी पुढच्या भारतभेटीत हा विषय जरूर काढावा. वडीलधारी मंडळी हयात आहेत तोवर, आणि बहिणी, आत्या समोर बसलेल्या असताना. कागद नंतर करता येतील. आधी त्या रानाची निगा कोण राखतं, आणि आजवर कोणी राखली, हे एकदा मोकळेपणाने बोललं जावं.