छडीचे ऋण

नांदेड-लातूरकडे आमच्या पिढीची माणसे जमली, की कडक गुरुजींचा विषय हमखास निघतो. “मार खाल्ला म्हणून घडलो,” असे आम्ही अभिमानाने सांगतो. पण सांगायला उरलो आम्ही, टिकलेले. छडीच्या धाकाने पाटी टाकून गुरांमागे गेलेल्यांची साक्ष कोण काढणार? वडिलांच्या काळी, १९४८ पर्यंत, निजामी अमलात माध्यमिक शिक्षण प्रामुख्याने उर्दूतून चाले. घरची मराठी घेऊन आलेल्या पोराचे अडखळणे हा काय अपराध होता?

गुरुजींचे ऋण खरेच. मात्र ते छडीचे, की शाळा सुटल्यावर कंदिलाच्या उजेडात त्यांनी फुकट घेतलेल्या जादा तासांचे? ही गल्लत आम्ही सोयीने करतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ, दोन्ही निषिद्ध ठरवले. तरी लातूरच्या शिकवणीत नातवाला घालताना आम्हीच हळूच म्हणतो, “सर, जरा कडकच ठेवा.”